मोज्यात काहीच न्हाई

— न्हाई न्हाई, ख्वाजाभाई, डोळ्याचं भिंग काढू नका, तुमचं काम चालू द्या, कान तेवढे माझ्याकडं ठेवा — तर मी काय म्हणत होतो, मोज्यात काही न्हाई. लिहून घ्या पाहिजे तर. मी पुंजाराम, जाफराबादच्या स्टँडमागचा सायकलवाला, बेबीनंदाचा बाप, पूर्ण शुद्धीवर राहून सांगतो की माझ्या पोरीच्या मोज्यात तार न्हाई, स्प्रिंग न्हाई, मुंगसाचे केस न्हाईत, परदेशी पावडर न्हाई, आणि ते मोटारीचं जे कोणी उठवलंय ते तर बिलकुल न्हाई — मोज्यात मोटार बसते का हो? तुम्हीच सांगा, तुमचा जन्म गेला बारीक यंत्रांत, मुंगीच्या डोक्याएवढा स्क्रू तुम्ही चिमट्यानं उचलता — बसते का? मंग! पाय आहे त्या मोज्यात. माझ्या पोरीचा पाय. दुसरं काही न्हाई.

हसलात ना? मिशी हलली तुमची, मी पाह्यलं. हसा, हक्क आहे तुमचा. ज्या माणसानं सहा महिने अख्ख्या जिल्ह्याला ओरडून सांगितलं की मोज्यात करामत आहे, तोच आज जालन्यात येऊन तुमच्या दुकानात स्टुलावर बसून हात जोडतो की मोज्यात काही न्हाई — हसणारच की माणूस. पण हसणं झालं की ती सही करा, ख्वाजाभाई. तो जिल्ह्याच्या सायकल शर्यतीच्या निकालाचा कागद तुमच्या त्या अलार्मच्या घड्याळाखाली दाबून ठेवलाय, मला दिसून राह्यलाय इथून, बेबीनंदाचं नाव पहिल्या नंबरावर आहे आणि खाली पंच म्हणून तुमच्या सहीची जागा कोरी आहे. चार वाजताच्या औरंगाबाद गाडीत पाकीट गेलं न्हाई तर विभागाच्या शर्यतीत आपल्या जिल्ह्याचं नाव जाणार न्हाई, आणि काकासाहेबांची अर्जी मंजूर झाली तर जाईल, पण त्यांच्या पोरीचं जाईल. किती वाजले? — आता तुमच्या भिंतीवर चौदा घड्याळं आणि चौदा वेळा, खरं कोणतं म्हणावं माणसानं? ते लंबकवालं? तीनला दहा कमी? म्हणजे वेळ आहे. म्हणजे वेळ न्हाईच, पण आहे.

त्या काकासाहेबांकडं बघू नका तुम्ही. मला माहीत आहे रस्त्यापलीकडं त्यांचं बियाण्याचं दुकान आहे, खुर्ची बाहेर टाकून बसलेत, मुद्दाम बसलेत — बसू द्या. सकाळपासून बसलेत म्हणे, पाणी सुद्धा तिथंच मागवतात. काय लिहिलंय हो त्यांनी अर्जीत? मला तोंडपाठ आहे, तरी सांगतो. ‘सदर मुलीने वेग वाढविणारे साधन मोज्यात लपवून वापरले असा दाट संशय आहे, तरी समितीसमक्ष तिच्या पायांवरून मोजे काढून तपासणी करावी, अन्यथा निकाल रद्द करावा.’ साधन! घरी विणलेल्या मोज्याला साधन म्हणतात! मी काल त्यांच्या दारात गेल्तो. म्हणलं, काकासाहेब, मोजे घ्या, धुवून आणतो, न धुता आणतो, उसवून बघा, उकळून बघा, कुत्र्यासमोर टाका. तर म्हणले, ‘पुंजाराम, तुझा भरवसा न्हाई, तू दुसरे मोजे आणशील. पायातून काढतानाच बघायचे.’ म्हणलं, बायामाणसांसमोर काढू द्या मंग, एका खोलीत, ताहेराभाभी तपासतील. तर म्हणले, ‘घड्याळजीची बायको कशाला? शर्यत उघड्यावर झाली, तपासणी बी उघड्यावर होईल.’ आता अशा माणसाला काय म्हणावं? आणि त्यांचं चुकतं बी न्हाई, हेच तर दुखणं आहे — त्यांना मोज्याचं वेड मीच लावलं.

तुम्हाला सांगतो ते कसं झालं. सरळ सांगतो, एक शब्द वाढवत न्हाई. गेल्या पावसाळ्यानंतर एकदा मी पूर्णेच्या पुलावर बसल्तो विडी ओढत. पाणी बेताचं होतं. पुलाचा खांब असतो ना, त्याच्या पुढं पाणी फाकतं, आणि मागं काय होतं? — भोवरा होतो. फेस, काटक्या, कोणाची तरी चप्पल, सगळं तिथं गरगर फिरत राहतं, पुढं जातच न्हाई. जणू खांबाला मागून धरून ठेवलंय. मला वाटलं, अरे, पोटरी म्हणजे दुसरं काय आहे? खांबच. सायकलवाला जोरात निघाला की वारा त्याच्या पोटरीवर येऊन फाकतो, मागं भोवरा होतो, आणि तो भोवरा पाय ओढतो मागं. मंग त्या पोटरीवर उभ्या पट्ट्या असल्या तर? शेतात सऱ्या असतात तशा? गुळगुळीत चामडीवरून वारा लवकर सुटतो आणि मागं मोठा भोवरा करतो, पण पट्टीपट्टीचा खरबरीत मोजा असला तर वारा त्याला धरून धरून मागपर्यंत जातो, भोवरा बारीक होतो, पाय सुटा होतो! आता हे खरं का खोटं? मला काय माहीत? विडी संपेपर्यंत सुचलं ते सुचलं. पण चहाच्या टपरीवर हे ‘मला सुचलं’ म्हणून सांगितलं असतं तर कोणी चहा तरी सरकवला असता का? म्हणून म्हणलं, नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत एक जर्मन साहेब आल्ता, त्याची सायकल पंक्चर झाली, मी काढून दिली, त्यानं खुश होऊन हे सांगितलं. कोणता साहेब? काय नाव? — ख्वाजाभाई, कसला साहेब आणि कसली सायकल! जर्मन मी चित्रात सुद्धा पाह्यला न्हाई.

हां, मला माहीत आहे, मी बोलतो ते निम्मं सोडून द्यायचं असतं. मीच सांगितल्तं ना की परतूरला मेल गाडीच्या पुढं सायकल काढली आणि पुढच्या स्टेशनावर उभं राहून गार्डाला पाणी पाजलं? मीच सांगितल्तं. जाफराबादच्या वावटळीनं माझी सायकल उचलून तहसीलच्या पत्र्यावर ठेवली आणि तिथं मी पंक्चर काढलं — ते बी मीच. लोक ऐकतात, हसतात, घरी जातात, कोणाचं काही जात न्हाई. पण ही मोज्याची गोष्ट घरी गेली न्हाई, ख्वाजाभाई, ही जीपगाड्यांत बसून जिल्हाभर फिरली. आठवड्यात परतूरला पोचली. तिथं कोणी तरी मोज्यात तार घातली. भोकरदनला मुंगसाचे केस घातले. जालन्यात येईपर्यंत मोटार बसवली. आणि एक मेला सकाळी आपण राजूरला गेलो शर्यत सोडायला — जिल्हा होऊन पंधरा वर्षं झाली म्हणून शर्यत, बरोबर? — तुम्ही गळ्यात स्टॉपवॉच अडकवून उभे, आणि सात पोरी लाईनीत, आणि काय पाह्यलं आपण?

सातच्या सात पोरी मोजे घालून!

मे महिना. सकाळी सातला डांबर मऊ पडायला लागलं होतं. आणि पोरींच्या पायांत गुडघ्यापर्यंत मोजे! एकीनं भावाचे फुटबॉलचे घातलेले, एकीनं बापाचे होमगार्डचे खाकी, त्या मंठ्याच्या पोरीनं तर आजोबाचा मफलर कापून दोरीनं बांधला होता, आणि काकासाहेबांच्या पोरीच्या पायात पुण्याहून आणलेले पांढरे नायलॉनचे, चकाचक. तुम्ही माझ्याकडं बघितलं होतं त्या वेळी. तुम्ही काही बोलले न्हाई, तुम्ही कधी बोलता? पण तुमच्या बघण्यात होतं, की पुंजाराम, हे पाप तुझं. आणि मी — मी सांगू का, मी त्या वेळी गाडीच्या आडोशाला गेल्तो. तोंड धुवायला गेलो असं सांगितल्तं ना? तोंड धुवायला न्हाई गेल्तो. ते जाऊ द्या.

तर मुद्दा काय? मुद्दा हा की सगळ्यांनीच मोजे घातलेले. मोज्याचा फायदा असला तर सगळ्यांना, नसला तर कोणालाच न्हाई. मंग बेबीनंदा कशी आली पहिली? पायानं आली! तिच्याकडं गिअरची सायकल न्हाई, माझ्या दुकानातली तासावर द्यायची जुनी घोडी, मडगार्ड काढलेली, हँडल मी स्वतः वाकवलेलं. काकासाहेबांची पोरगी चांगली पळाली, मी नाव ठेवत न्हाई, शेवटपर्यंत मागं चिकटून होती, सहा सेकंदांनी गेली तिची. सहा! तुम्हीच मोजले. पण काकासाहेबांचा हिशोब वेगळा. त्यांचं म्हणणं, माझ्या पोरीच्या पायात मोजे होते, पुंजारामच्या पोरीच्या पायात बी मोजे होते, सायकल माझी भारी, मंग ती पुढं कशी? म्हणजे तिच्या मोज्यात काही तरी जास्तीचं आहे. बघा ना कसं असतं. मी सांगितलेलं खरं मानलं म्हणून त्यांनी मोजे आणले, आणि हरले तरी माझंच खरं मानून बसलेत. माझ्यावर इतका विश्वास उभ्या आयुष्यात कोणी ठेवला न्हाई, सख्ख्या बायकोनं ठेवला न्हाई, आणि ठेवला तो अशा माणसानं, अशा वेळी.

म्हणून सांगतो, मोज्यानं काही होत न्हाई. घरचे मोजे आहेत. बेबीच्या आईचं, आमच्या उषाबाईचं, लग्नातलं मोरपंखी स्वेटर होतं, ते उसवलं आणि दोन सुलट, दोन उलट अशा टाक्यांनी विणले, त्याच्या आपोआप उभ्या पट्ट्या पडतात, ताण बी राहतो, खाली घसरत न्हाईत. एवढंच. आता नायलॉन गुळगुळीत असतं आणि लोकर खरबरीत असते, तेवढा फरक पडतो, पण तो काय फरक आहे का? नऊ सेकंदांचा फरक म्हणजे काय फर —

काय?

नऊ? मी नऊ म्हणलो का? न्हाई, मी आपलं असंच, तोंडातून — चिमटा कशाला खाली ठेवला? ठेवू नका, काम चालू द्या. ख्वाजाभाई. असं बघू नका माझ्याकडं. एक डोळा उघडा आणि एका डोळ्याला भिंग, माणूस घाबरतो. — बरं. सांगतो. फेब्रुवारीत मी तुमच्याकडून एक स्टॉपवॉच नेलं होतं, आठवतं? उषाबाईला चक्कर येतात, डॉक्टरनं नाडी मोजायला सांगितलंय, असं म्हणून? उषाबाईला काही झालं नव्हतं. ठणठणीत होती, त्या दिवशी दोन पायल्या ज्वारी निवडत बसली होती. मला मोजायचं होतं. म्हणलं, सगळ्या जिल्ह्याला सांगून राह्यलो, आपण तरी बघावं एकदा. आमच्या गावाबाहेर सरळ रस्ता आहे, एका बाभळीपासून त्या पूर्णेच्या पुलापर्यंत. बेबीनंदाला पहाटे आणली. एकदा मोजे न घालता सोडली, एकदा घालून सोडली. परत न घालता. परत घालून. अशा चार जोड्या केल्या. समोरून वारा. माझं काळीज असं धडधडत होतं की नाडी माझीच मोजायला पाहिजे होती. आणि ख्वाजाभाई, कुराणावर हात ठेवून सांगायला मी मुसलमान न्हाई आणि गीतेवर ठेवून सांगावं इतका चांगला हिंदू बी न्हाई, पण खरं सांगतो — मोजे घातले की नऊ सेकंद कमी. चारपैकी चारदा. मी तिथंच पुलावर विडी पेटवली. उभ्या जन्मात मी मारलेली पहिली थाप, जी खरी निघाली! कोणाला सांगू? कोण ऐकणार होतं?

आणि आज तुम्हाला सांगितलं. आजच. आत्ताच. सहा सेकंदांनी जिंकलेली पोरगी, आणि तिचा बाप सांगतो की मोज्याचे नऊ सेकंद! बाप आहे का कसाई? आता तुम्ही काय करणार — तुम्ही इमानी माणूस, अर्ध्या सेकंदासाठी माणसाला चार हेलपाटे मारायला लावणारे — तुम्ही सही कशी करणार? नियमात ‘साधन’ लिहिलंय, आणि साधन आहे असं मीच शाबीत करून दिलं, काकासाहेबांना उगाच खुर्ची तापवावी लागली. ख्वाजाभाई, समजा मी आलोच न्हाई. समजा हे स्टूल रिकामं आहे. नऊ हा आकडा मी — काय शोधून राह्यलात? तो खण कशाला उघडता? हेच ते. हेच नेलं होतं मी, काचेला तडा आहे बघा. आणि ही चिठ्ठी कसली दोऱ्याला? वाचता येतं मला, वाचतो — ‘दुरुस्तीस. काटा मध्येच अडतो.’ जानेवारीची तारीख.

जानेवारी? म्हणजे मी नेलं तेव्हा — अडत होतं? तुम्हाला माहीत होतं? मंग दिलं कशाला?

अच्छा. नाडी मोजायचं खोटं आहे हे बी माहीत होतं. म्हणून बिघडलेलं दिलं. वा. वा ख्वाजाभाई. एवढ्या वर्षांची दोस्ती, आणि मला बिघडलेलं घड्याळ. — न्हाई, राग न्हाई आला. राग कशाचा? उलट सुटलो मी. नऊ सेकंद गेले म्हणजे साधन गेलं, अर्जी गेली. बरोबर ना? चला. सुटलो.

... म्हणजे न्हाईच का काही मोज्यात? बिलकुल न्हाई? चारदा अडला का काटा, चारही वेळा मोज्याच्याच फेरीला? असं कसं होईल? एखादा सेकंद तरी — जाऊ द्या. मी कशाला रडून राह्यलो त्यासाठी. विडी आहे का? तुम्ही ओढत न्हाई, विसरलो. पण सांगतो तुम्हाला, त्या दिवशी पुलावर मला पहिल्यांदा वाटलं होतं की आपण काही तरी आहोत.

तर सही करा आता. वाजले किती? सव्वातीन? हे सव्वातीन म्हणतंय, ते सव्वाचार म्हणतंय, त्याला फेकून द्या आधी. — काय? मान कशाला हलवता? आता काय राह्यलं? अर्जीतली दुसरी ओळ. ‘पायांवरून मोजे काढून.’ हां. म्हणजे घड्याळ बिघडलेलं असो, मी खोटा असो, मोजे तपासल्याशिवाय तुमची सही होत न्हाई. दोन मिनिटांचं काम आहे असं म्हणायचंय तुम्हाला. मला बी सगळे हेच म्हणतात. पोरगी बोलवा, मोजे काढा, आत काही न्हाई हे बघा, सही करा. दोन मिनिटं. लपवण्यासारखं काही न्हाई तर पुंजाराम अडून काऊन बसलाय? कोणालाही वाटेल. मी तुमच्या जागी असतो तर मला बी वाटलं असतं.

काढणार न्हाई ती. म्हणजे मी काढू देणार न्हाई. म्हणजे —

तुमच्या पाण्याच्या माठाला झाकण आहे का? असंच विचारलं. आमच्या शाळेत होतं. बेबीनंदा सातवीत होती, माठातून पाणी घेतलं तिनं, आणि तिच्या मागच्या पोरीनं माठ ओतून दिला. सगळा. पूर्ण माठ. मास्तरांनी विचारलं तर म्हणली, हिच्या पायाला लागलंय ते आम्हाला लागेल. कोणाला काही लागत न्हाई त्यानं, ख्वाजाभाई, डॉक्टरनं मला लिहून दिलंय, औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यातल्या, कागद अजून खिशात घेऊन फिरतो — हे बघा — ‘संसर्गजन्य नाही’. पण कागद काय प्रत्येकाला दाखवत फिरायचा? आधी घोट्यावर एक रुपयाएवढा पांढरा डाग होता. मंग पोटरीवर. मंग दुसऱ्या पायावर. मलमं झाली, वैदू झाला, बावचीचं तेल लावून उन्हात बसवली तर फोड आले. त्या दिवसापासून सलवार, पायापर्यंत, बारा महिने. आणि सायकल पहाटे, अंधुक असताना, कोणी रस्त्यावर नसताना. आणि पळायची अशी, ख्वाजाभाई, की मी मागून राजदूत घेऊन जायचो तर मला गिअर टाकावा लागायचा. ह्यात थाप न्हाई. राजदूत जुनी आहे, पण थाप न्हाई.

गेल्या वर्षी म्हणलं, बाई, शर्यतीत उतर. उतरली. सलवार घालून. फाट्यावर ओढणी, सलवार, चेन, सगळं एक झालं आणि तोंडावर पडली. दात हलला. यंदाच्या शर्यतीचं पत्र पावसाळ्यातच वरून आलं की विभागाला हाफ पँटच लागेल. मी पत्र तिला वाचून दाखवलं, तिनं जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि म्हणली, ‘बाबा, मी न्हाई जात. सगळे पायाकडं बघतील.’ ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू म्हणली. आता बापानं काय करावं? मोजे घाल म्हणावं, तर मे महिन्यात एकटीच मोजे घालून उभी राहील, आणि सगळे विचारतील, हिनंच कशाला घातले? मोज्याकडं बघता बघता पायाचं निघेल. म्हणून —

म्हणून काय? म्हणून मी मोज्याची गोष्ट सांगितली. आता कळलं? पुलावर सुचलं ते काय उगाच सुचलं का? परतूरला मला काय काम होतं? काही न्हाई. जीपला लटकून गेलो, बाजारात चार टपऱ्यांवर सांगितलं आणि परत आलो. मंठ्याला गेलो. भोकरदनला गेलो. काकासाहेबांच्या दुकानात तर बियाणं घ्यायच्या निमित्तानं तासभर बसलो, मला शेत न्हाई वितभर, तरी कपाशीचं बियाणं बघत बसलो आणि त्यांच्या कानावर घालून आलो. कशासाठी? दुसऱ्या एकीनं तरी मोजे घालावेत म्हणून. एक तरी पोरगी, म्हणलं, की माझी एकटी दिसू नये. आणि सातही आल्या, ख्वाजाभाई! सातच्या सात! म्हणून मी गाडीच्या आडोशाला गेल्तो. तोंड धुवायला न्हाई. त्या दिवशी राजूरला अख्खा रस्ता लोकांनी भरला होता, आणि एका माणसानं, एका सुद्धा माणसानं माझ्या पोरीच्या पायाकडं वेगळं बघितलं न्हाई. लोकरीनं पाय शिजले तिचे, घरी आल्यावर मोजे काढताना चामडी लाल झाल्ती — पण हसत होती. पाच वर्षांनी.

आणि आता हा माणूस म्हणतो, उघड्यावर काढा.

करू नका सही. नका करू. काकासाहेबांच्या पोरीचं नाव टाका. मी तिला घरी जाऊन सांगतो की — सांगतो काही तरी. सांगतो की विभागाची शर्यत रद्द झाली, औरंगाबादला रस्त्याचं काम निघालं, की मोठ्या साहेबाला कुत्रं चावलं. माझ्याकडं गोष्टीला काय तोटा आहे? तिला ह्यातलं काही माहीत न्हाई, बरं का. तिला वाटतं जर्मन साहेब खरा आहे. तिला वाटतं मोजे खरेच वेगाचे आहेत. तेवढं तरी राहू द्या. तुम्ही कोणाला बोलणार न्हाई हे मला —

काय झालं? मागं काय बघता?

बेबी.

तू — तू कधी आली? सायकलवर आली? जाफराबादवरून, ह्या उन्हात? पाणी पी आधी. ख्वाजाभाई, पाणी — कधीपासून उभी आहेस पायरीवर? माठाचं ऐकलंस? त्याच्या आधीचं? बेबी, ते मी यांना आपलं — तुला माहीत आहे मी कसं बोलतो, निम्मं सोडून द्यायचं असतं, जर्मन साहेब होता, लाल तोंडाचा, खरंच होता — मान काऊन हलवतीस? तुला माहीत होतं? पहिल्यापासून? मंग मला बोलली काऊन न्हाईस? ... ‘तुम्हाला बरं वाटत होतं म्हणून.’ ऐकलं, ख्वाजाभाई? मला बरं वाटत होतं म्हणून.

काय करतीस? ए, ए बेबी, खाली काऊन बसलीस? राहू दे. राहू दे ते. अगं बाजार आहे, मंगळवारचा बाजार आहे, माणसं — ख्वाजाभाई, तुम्ही तरी बोला, आजचा एक दिवस बोला! — एक काढला. दुसरा नको. बेबी, मी सांगतो ना, मी जातो काकासाहेबांकडं, पाया पडतो, मी त्यांना अशी एक गोष्ट सांगतो की —

इथं कशाला ठेवतीस मोजे? काउंटरवर? आणि तू कुठं — बेबी!

गेली. बघा. रस्ता ओलांडून राह्यली. सायकल हातात धरून, हाफ पँटवर, उघड्या पायांनी, आणि सावकाश चालतीय, पळत बी न्हाई, जशी काही भाजी घ्यायला निघाली. ते उसाच्या रसवाल्यानं चरक थांबवला. बाया बघून राह्यल्यात. कोणी तरी तोंडावर पदर घेतला. ऊन कसं पडलंय सरळ तिच्या पायांवर. मी जाऊ का मागं? न्हाई? बसू? बसतो. — पोचली. काकासाहेबांसमोर उभी राह्यली. एक पाय पुढं केला. आता दुसरा. काकासाहेब उठले! खुर्चीवरून उठले, ख्वाजाभाई, आणि टोपी — टोपी काढली त्यांनी! माझ्या पोरीसमोर टोपी काढून, मान खाली घालून —

न्हाई.

न्हाई, घाम पुसून राह्यलेत. टोपी डोक्यावरच आहे. मी आपलं वाढवून सांगत होतो. उभे आहेत नुसते. तिनं काय म्हणलं ते बी ऐकू आलं न्हाई मला. एवढंच दिसतंय.

झाली सही? ... द्या. चारला वीस कमी, त्या लंबकवाल्यात. पळतो मी स्टँडला, पाकीट मी स्वतः कंडक्टरच्या हातात देतो. द्या ते मोजे बी इकडं — गरम आहेत अजून.

काय हो भाऊ, काय बघता दारात उभं राहून? घड्याळ दाखवायचं असलं तर यांना दाखवा. हे? मोजे आहेत. त्यात काय आहे? काही न्हाई. साधे मोजे आहेत, तिच्या आईनं विणलेले. सरका बाजूला, जाऊ द्या मला.